बेअरफूट शूजमध्ये दर ट्रेकनंतर पाय दुखतो? आधी एक बोट ठेवून बघा

रविवारी गड, सोमवारी दादरचा जिना कठडा धरून उतरायचा, गुरुवारपर्यंत पाय ताळ्यावर, आणि पुढच्या ट्रेकला तेच दुखणं त्याच जागी. बेअरफूट शूज वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आणि त्यावर ठरलेले दोन सल्ले: ‘सवय होईल’ किंवा ‘फेकून दे ते शूज’. दोन्ही सल्ले पायाकडे न बघताच दिले जातात. दुखणं नेमकं कुठे आहे हे कळलं, तर बहुतेक वेळा घरच्या घरी, एक पैसा खर्च न करता कारण सापडतं. थोड्या वेळा सापडत नाही, आणि तिथे हट्ट केला तर पाय महिनाभर प्लास्टरमध्ये जातो.

बेअरफूट शूज म्हणजे इथे चार-पाच मिलिमीटरपासून दहाएक मिलिमीटरपर्यंत पातळ सोल, बोटांना पसरायला रुंद जागा, आणि टाच व चवडा एकाच पातळीत असलेले शूज. या शेवटच्या गोष्टीला झीरो ड्रॉप म्हणतात. पुढे ती बऱ्याचदा येईल, कारण बरीच दुखणी तिच्यामुळेच असतात.

लक्षणं

पोटऱ्या: दोन्हीकडे सारख्याच भरून येतात, दुसऱ्या दिवशी जास्त, जिना उतरताना कळ. चालायला लागलं की सैल पडतात.

टाचेमागची दोरी, म्हणजे पोटरी आणि टाच जोडणारी अकिलीस: सकाळी उठल्यावर आखडलेली, चिमटीत धरली की दुखते, कधी जाडसर लागते.

टाचेचा तळ: पलंगावरून उतरल्यावर पहिल्या पाच-दहा पावलांना खिळा टोचल्यासारखं, मग कमी. बराच वेळ बसून उठलं की पुन्हा.

पावलाची वरची बाजू: लेसच्या खाली दुखतं. कधी लेस सोडल्यावर जातं, कधी जात नाही. या दोन ‘कधी’मध्ये फार फरक आहे.

चवडा: दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मुळाशी खडा अडकल्यासारखं. शूज काढून झटकले तरी खडा काही निघत नाही.

कातडी: अंगठ्याच्या बाजूला किंवा बोटांच्या मध्ये फोड, काळं पडलेलं नख, पावसाळ्यात चिखल्या.

आता शूज काढून बसा आणि स्वतःलाच विचारा, कुठे दुखतं? हात कसा जातो ते बघा. सगळा तळहात त्या भागावर फिरला, तर दुखणं बहुधा स्नायूचं आहे आणि वेळ हातात आहे. एकच बोट एकाच ठिपक्यावर गेलं, तो ठिपका हाडावर असला आणि दाबल्यावर डोळ्यांत पाणी आलं, तर खालच्या सगळ्या तपासण्या बाजूला ठेवून थेट शेवटच्या भागाकडे जा. ही चाचणी दर ट्रेकनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी करा. तळहाताचं दुखणं हळूहळू बोटावर येऊ लागलं, तर प्रकरण बिघडतंय असं समजा.

१. लेस

दोन मिनिटांचं काम, म्हणून सगळ्यात आधी. या शूजची जीभ पातळ असते, आत गादी जवळपास नसते. साध्या ट्रेकिंग शूजमध्ये लेसचा दाब गादी खाऊन टाकते. इथे तो थेट बोटं उचलणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांवर येतो. त्यात टाच घसरू नये म्हणून उतरणीला लागण्याआधी लोक लेस कचकचून आवळतात.

ट्रेक संपल्यावर मोजे काढा आणि पावलाच्या वरच्या कातडीकडे बघा. आडव्या लाल रेघा उमटल्या असतील आणि दुखणं त्यांच्याच खाली असेल, तर गुन्हेगार सापडला. दुखऱ्या जागेवरच्या भोकांत लेसचा फुलीसारखा आडवा वेढा घेऊ नका. दोन्ही बाजूंनी लेस सरळ वर न्या आणि त्याच्या पुढच्या भोकापासून पुन्हा आडवी घ्या. टाच घसरत असेल तर सगळ्यात वरचं जास्तीचं भोक वापरा: लेस त्याच बाजूच्या भोकातून आत घालून छोटा फास ठेवा, समोरच्या बाजूचं टोक त्या फासातून ओढा आणि मग गाठ मारा. टाच धरली जाते, पावलावरचा दाब मात्र वाढत नाही. चवड्यापाशी लेस एवढी सैल हवी की आत बोटं पसरता आली पाहिजेत.

हे करून दोन ट्रेकमध्ये फरक पडला नाही, तर दुखणं लेसचं नाही.

२. नखं, मोजे आणि पाणी

नखं ट्रेकच्या दोन-तीन दिवस आधी सरळ कापा, कोपरे आत कोरू नका. आदल्या रात्री कापलेलं नख उतरणीवर शूजच्या टोकाला घासून कातडीत शिरतं.

सुती मोजे बंद. सुती कापड पाणी धरून ठेवतं, कातडी मऊ पडते आणि मऊ कातडी सोलते. पातळ नायलॉनचे किंवा लोकरमिश्रित मोजे घ्या. बोटांच्या मध्येच फोड येत असतील तर पाच बोटांचे मोजे उपयोगी पडतात. ते दिसायला विचित्र, पण लोकलमध्ये कोण तुमच्या मोज्यांकडे बघतंय.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत मात्र कोरडे पाय हा विषयच विसरा. माथेरानच्या पायथ्याशी पहिल्या ओढ्यातच शूज भरतात. पाणी आत येणारच. ते लवकर बाहेर जातं का, ते बघा. जाळीचे शूज या बाबतीत वॉटरप्रूफ शूजपेक्षा बरे, कारण वॉटरप्रूफमध्ये वरून शिरलेलं पाणी आतच राहतं. जेवायला बसलात की शूज-मोजे काढून पाय पंधरा-वीस मिनिटं उघडे ठेवा. पांढरी, सुरकुतलेली कातडी परत गुलाबी झाली की बोटांच्या मध्ये आणि टाचेला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवून प्लॅस्टिकच्या पिशवीतले कोरडे मोजे घाला. तासाभरात तेही भिजतील. तो एक तासच फोड वाचवतो.

घरी आल्यावर शूजमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, दोन तासांनी बोळे बदला. ओले शूज गॅलरीत बांधून ठेवले तर मुंबईच्या पावसात चार दिवसांत बुरशी धरते, आणि चिखल्या मग ट्रेकमुळे होत नाहीत, त्या शूजमुळे होतात.

३. माप

बेअरफूट शूज घेतले म्हणजे ते रुंदच असणार, असं नाही. बरेच शूज नुसते पातळ असतात. पुढून निमुळते ते निमुळतेच. शिवाय लोक आपला नेहमीचा नंबर घेतात, आणि तो नंबर निमुळत्या शूजमध्ये बोटं दाबून ठरलेला असतो.

कागद घ्या. संध्याकाळी, ट्रेकचेच मोजे घालून, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे राहा, वजन दोन्ही पायांवर ठेवा. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल उभी धरून पावलाभोवती रेघ काढायला सांगा. स्वतः वाकून काढली तर वजन सरकतं आणि माप चुकतं. संध्याकाळ एवढ्यासाठी की दिवसभरात पाऊल सुजतं, आणि मे महिन्यातल्या ट्रेकवर त्याहून जास्त सुजतं. दोन्ही पायांची आकृती काढा. एक पाऊल मोठं निघालं तर शूज त्याच्या मापाचे घ्यायचे.

आता ती आकृती कात्रीने कापा आणि शूजमध्ये आतपर्यंत सरकवा. कागद सपाट बसला तर रुंदी ठीक. करंगळीच्या किंवा अंगठ्याच्या बाजूला कागद वर वळला, तर त्या जागी दर पावलाला तुमचं पाऊलही तसंच वळतंय. दुकानदाराच्या कुठल्याही सांगण्यापेक्षा हा वळलेला कागद जास्त खरा. लांबीसाठी शूजमधला सुटा इनसोल बाहेर काढा आणि त्यावर उभे राहा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे दहा ते बारा मिलिमीटर उरले पाहिजेत. पुष्कळांचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब असतं, ते विसरू नका. त्याहून कमी उरलं की उतरणीवर नख काळं पडतं. पंधराच्या वर गेलं की पाऊल आत सरकतं, ते थांबवायला बोटं आखडून जमीन धरायला बघतात आणि तळव्यात पेटके येतात. त्यामुळे ‘एक नंबर मोठा घे’ हा सल्लाही सरसकट बरोबर नाही.

४. सॅक

पातळ सोलला पाठीवरचं वजन लगेच कळतं. सुरुवातीला सॅक आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सहा किलो. त्यातले तीन-चार किलो नुसतं पाणी असतं आणि पाणी काही कमी करायचं नाही. तेव्हा तंबू, स्टोव्ह आणि ‘लागलं तर’ म्हणून घेतलेलं सामान ज्यांनी जाड सोलचे शूज घातलेत त्यांच्याकडे द्या. मुक्कामाच्या ट्रेकला नवे बेअरफूट शूज घालून जाऊ नका.

५. चाल

इथे एक गैरसमज जाम रुजलेला आहे. बेअरफूट म्हणजे चवड्यावर पडायचं, असं कुठेतरी ऐकलेलं असतं. ते धावण्याबद्दलचं बोलणं आहे. चालताना माणसाची टाचच आधी टेकते, अनवाणी चालणाऱ्याचीसुद्धा. अडीच तासांची चढण कुणी चवड्यांवर चढला, तर पोटरीला सुट्टीच मिळत नाही आणि अकिलीस दोरी ताणलेलीच राहते. मग दोष शूजवर येतो.

चढताना जिथे जिथे जागा आहे तिथे पाऊल टाचेसकट टेकवा. वाट फार खडी असेल तर नागमोडी जा, पाऊल थोडं बाहेर वळवा. दर पावलाला मागचा पाय क्षणभर सरळ होऊ द्या, म्हणजे वजन हाडांवर येतं आणि स्नायू दम खातो. सपाटीवर टाच टेकवायची ती हलकेच, शरीराच्या फार पुढे नाही. लांब ढांगा टाकायची सवय जाड गादीच्या शूजने लावलेली असते. गादी गेली की तोच धक्का थेट टाचेच्या हाडाला बसतो.

तपासायला मित्राला बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दहा पावलं टिपायला सांगा. पाऊल टेकतं त्या क्षणी गुडघा पूर्ण ताठ आणि पाय शरीराच्या बराच पुढे दिसला, तर ढांग लहान करायची. मोबाइल नको असेल तर कान वापरा: इमारतीच्या मोकळ्या पॅसेजमध्ये चाला. ‘थप्प थप्प’ आवाज येतोय तोवर चाल सुधारायला वाव आहे.

उतरण हा खरा पेपर. गुडघे थोडे वाकलेले, पावलं नेहमीच्या निम्मी, अख्खा तळवा एकदम जमिनीवर. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मातीच्या उतारावर, आडवं उतरा. दगडाच्या टोकावर तळव्याचा मधला भाग टेकवू नका. जाड, ताठ सोलचा शूज दगडावर फळीसारखा आडवा राहतो, पातळ शूज दगडाभोवती वाकतो आणि कमान चेपली जाते. कळसूबाईसारख्या लोखंडी शिड्यांवर हे लगेच जाणवतं. पट्टी कमानीखाली न घेता चवड्याच्या लगेच मागे घ्या आणि पाऊल थोडं तिरकं ठेवा. काठ्या असतील तर उतरताना दोन्ही वापरा, गुडघ्यांइतकंच टाचांनाही बरं पडतं.

६. हिशोब: किती दिवसांत किती

वरचं सगळं ठीक असूनही दुखत असेल, तर दहापैकी बहुतेक वेळा उत्तर इथे असतं, आणि ते ऐकायला कुणालाच आवडत नाही.

ऑफिसच्या शूजमध्ये टाच चवड्यापेक्षा उंच असते, धावायच्या बऱ्याच शूजमध्येही आठ ते बारा मिलिमीटर. सोमवार ते शनिवार टाच उंचावर आणि रविवारी एकदम जमिनीवर. अकिलीस दोरीला तेवढं अंतर रविवारी अचानक ताणावं लागतं, तेही हजारो पावलं. नवरात्रात नऊ दिवस चप्पल न घालणाऱ्यांना विचारा, तिसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि टाचा काय म्हणतात. तेही रोजच्याच रस्त्यांवर, पाठीवर सॅक नसताना. ‘गडावरची गावकरी मंडळी अनवाणी चढतात’ हा दाखला म्हणूनच कामाचा नाही. त्यांचा पाय लहानपणापासून तयार झालेला असतो, आपला लिफ्टमध्ये.

स्नायू काही आठवड्यांत सरावतो, हाड आणि दोरीला महिने लागतात. गोची हीच, कारण पोटरी दुखायची थांबली की आपण तयार झालो असं वाटतं आणि त्याच सुमारास पावलाची बारीक हाडं ताणाखाली असतात. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली छापलेल्या अभ्यासात ३६ धावपटू होते. त्यांतले १९ जण दहा आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या पातळ शूजकडे वळले, आणि एमआरआयमध्ये त्यांपैकी १० जणांच्या पावलांच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. हे धावणाऱ्यांचं आहे आणि चालण्यात धक्का कमी बसतो. पण सॅक घेऊन हजार मीटर उतरणं म्हणजे बागेतला फेरफटकाही नव्हे.

मुंबईत जमेल असा क्रम सांगतो. पहिले दोन आठवडे घरात अनवाणी, आणि बाहेर रोज वीस-तीस मिनिटं बेअरफूट शूजमध्ये. स्टेशनपर्यंतचं चालणंही त्यात धरा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक दिवसाआड तीन किलोमीटर. पाचव्या-सहाव्यात इमारतीचा जिना: दहा मजले चढा आणि लिफ्टने खाली या. उतरणं नंतर वाढवायचं, कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो आणि तोच भाग जास्त दुखवतो. सातव्या-आठव्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेटपासून कान्हेरीपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता, परत येताना बस. सोमवारी उद्यान बंद असतं. त्यानंतर लेण्यांवरच्या पायऱ्या आणि कातळ जोडा. छोटा ट्रेक तिसऱ्या महिन्यात, आणि जुने शूज सॅकमध्ये.

समुद्रावर सराव करणार असाल तर ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर करा. कोरड्या मऊ वाळूत दर पावलाला टाच खाली रुतते आणि अकिलीस ठरवलं होतं त्याहून बरीच जास्त राबते. विसर्जनानंतरचे काही आठवडे तर तिकडे फिरकूच नका. खिळे, तारा आणि काचा पातळ सोलमधून आरपार येतात.

पुढे जायचं की नाही हे अठ्ठेचाळीस तासांवर ठरवा. दुखणं त्याच्या आत गेलं तर पुढचा टप्पा. दोन दिवसांनंतरही आहे, तर अंतर निम्मं. दर वेळी तीच जागा, तर एक टप्पा मागे आणि दोन आठवडे तिथेच.

७. घोटा आणि पोटरी: घरच्या दोन चाचण्या

भिंतीसमोर उभे राहा. अंगठा भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून बघा. टेकला तर घोटा पुरेसा वाकतो. आठ सेंटिमीटरवरूनही टेकत नसेल, किंवा दोन पायांत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल, तर झीरो ड्रॉप शूज तुमच्या घोट्याकडून त्याच्याजवळ नसलेली हालचाल मागतायत. ती मग पावलाच्या कमानीतून काढली जाते, आणि टाचेच्या तळाचं दुखणं बऱ्याचदा इथूनच सुरू होतं.

दुसरी चाचणी: भिंतीला दोन बोटं टेकवून एका पायावर उभे राहा, गुडघा सरळ ठेवा, टाच पूर्ण वर-खाली करा. एका पायावर वीस ते पंचवीस वेळा जमायला हवं. बारा-पंधरालाच दम संपत असेल, तर आठशे-हजार मीटरच्या गडासाठी ती पोटरी अजून तयार नाही.

उपाय एकच आणि कंटाळवाणा. पायरीच्या कडेवर चवडे टेकवा, दोन्ही पायांनी वर जा, एका पायाने तीन-चार सेकंद घेत टाच पायरीच्या खाली सोडा. पंधराचे तीन फेरे, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. मात्र दुखणं टाचेच्या हाडाला अगदी चिकटून असेल तर टाच पायरीच्या पातळीखाली सोडू नका, सपाट जमिनीवरच करा. खाली सोडलं की दोरी हाडावर दाबली जाते आणि व्यायामानेच दुखणं वाढतं. बरीच मंडळी नेमकी इथे फसतात.

८. जमीन आणि सोल

इथून पुढे पैसे खर्च होतात, म्हणून शेवटी ठेवलं.

ट्रेक ‘सोपा’ की ‘अवघड’ हे उंचीवर ठरतं, पातळ सोलला मात्र जमीन कशी आहे हे विचारावं लागतं. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीला जाणारी वाट साधारण पंधरा किलोमीटरची, जवळपास सपाट, सगळे तिला नवशिक्यांची म्हणतात. पण तिच्यावर सुटी खडी आणि गोटे तासन् तास चवड्याला टोचतात. उलट कोरड्या बेसाल्टच्या कातळावर पातळ, लवचीक सोल सरड्यासारखा चिकटतो. हरिहरच्या खोदीव पायऱ्यांवर खोबणी पायाला कळते. म्हणून चवडा दुखणाऱ्यांनी आधी वाट बदलून बघावी, शूज नंतर. शेवाळलेल्या ओल्या कातळावर मात्र कुठल्याच सोलचा भरवसा नाही, तिथे बसून उतरायला लाजू नका.

सोल उलटा करून बघा. खाचांमध्ये काडेपेटीतली काडी आडवी ठेवा. काडी पूर्ण बुडत नसेल तर पावसाळी चिखलासाठी तो सोल संपला. टोकाशी अंगठ्याने सोल आणि कापड वेगळं करायचा प्रयत्न करा. फट दिसली तर मोच्याकडे जाऊन सोल्युशनने चिकटवून, वर कडेने शिलाई मारून घ्या. नुसतं सोल्युशन दोन ओढ्यांत सुटतं.

चवड्याखालचा ‘खडा’ जात नसेल तर तीन मिलिमीटरचा सपाट इव्हा फोमचा इनसोल घालून बघा. शीट आणून मोच्याकडून शूजमधल्या इनसोलच्या मापाने कापून मिळतो. कमानीचा उंचवटा असलेला घेऊ नका. इनसोल घातल्यावर आतली उंची कमी होते, म्हणून लेस पुन्हा जुळवा आणि बोटं वर उचलता येतायत का ते बघा.

त्यानेही भागलं नाही तर रुंद पुढा तसाच, झीरो ड्रॉप तसाच, पण सोल पंधरा-वीस मिलिमीटर जाड असलेले शूज घ्या. माझ्या मते, महिन्यातून एखाद-दुसरा ट्रेक करणाऱ्या मुंबईकराने पहिल्यापासून हेच घ्यावेत आणि चार मिलिमीटरचे शूज मैदानावर, जिन्यावर वापरावेत. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवर सोल किती पातळ आहे याचं बक्षीस कुणी देत नाही. गादीच्या ट्रेकिंग शूजवर परत गेलात तरी त्यात हार नाही. ज्यांच्या अंगठ्याचा सांधा ताठ आहे त्यांना तर ताठ सोलच सोसतो. अंगठा हाताने वर वळवून बघा. नीट वळतच नसेल किंवा सांध्यातच कळ येत असेल, तर प्रयोग थांबवा.

९. आता थांबा आणि डॉक्टरांकडे जा

एका बोटाचा ठिपका पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या लांब हाडावर असेल, चालल्यावर वाढत असेल, त्यावर सूज असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. एका पायावर उड्या मारून खात्री करायला जाऊ नका, तडा वाढेल. अशा तड्याचा पहिला एक्स-रे दोन-तीन आठवडे स्वच्छ येऊ शकतो. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून पुढच्या रविवारी निघू नका. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दुखणं कधी सुरू झालं ते सांगा आणि गरज असेल तर ते एमआरआय लिहून देतील. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत ऑर्थोपेडिकची ओपीडी आहे. चोळून, ओढून, ‘नस बसवून’ घेण्याचा हा आजार नाही.

टाचेमागे ‘टक्’ आवाज झाला, कुणी मागून लाथ मारल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर अकिलीस तुटलेली असू शकते. त्याच दिवशी दवाखाना. गडावर असाल तर त्या पायावर वजन टाकू नका, मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

पाय मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढून घ्या.

एकच पोटरी सुजली, गरम लागते, बसूनही दुखते, विशेषतः रात्रभराच्या बसप्रवासानंतर, तर ते पोटरीचं साधं भरून येणं समजू नका. शिरेत गुठळी असण्याची शक्यता असते. वाट न बघता डॉक्टर. दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट रुग्णालय.

तिसऱ्या-चौथ्या बोटात मुंग्या किंवा बधिरपणा रुंद शूज घालूनही दोन-तीन आठवड्यांहून जास्त राहिला, तर दाखवा. मधुमेह असेल आणि पायांची जाणीव कमी झाली असेल, तर हे शूज डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरूच नका. काटा रुतल्याचं कळणार नाही आणि जखम आधी डोळ्यांनाच दिसेल, तीही उशिरा.

पावसाळ्यात आणखी एक. पायाला फोड किंवा चीर आहे आणि परतताना साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा. गोळी मनाने घेऊ नका, आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर पाण्यातून चालल्याचं न विसरता सांगा.

हाडाची शंका नाही, पण वरचं सगळं सहा आठवडे करूनही तळहाताचं दुखणं हटत नाही, तर फिजिओथेरपिस्टकडे जा. जाताना ट्रेकचे शूज, कापलेली कागदी आकृती आणि चालण्याचा तो दहा पावलांचा व्हिडिओ सोबत न्या. शूज धुऊन नेऊ नका: सोल कुठे झिजलाय आणि इनसोलवर कुठल्या बोटाचा खड्डा सगळ्यात खोल पडलाय, हे त्यांना तसंच बघायचं असतं.